चित्रातल्या आईच्या हातातलं लाटणं

मैत्रिणींनो, तुमच्या घरात लहान मूल असेल, तर भिंतीवर कुठेतरी 'माझे कुटुंब' नावाचा एक तक्ता असेल. तक्ता नसेल तर मुलाच्या दप्तरातल्या पुस्तकात ते पान असेल. जरा उठून बघून या. जाताना गॅस बारीक करा, मी थांबते.

बघितलंत? आता मी न बघता सांगते. चित्रात आई ओट्यापाशी उभी आहे. तिच्या हातात लाटणं आहे, नाहीतर पळी. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचताहेत. आजीच्या हातात जपमाळ, दादाच्या हातात बॅट, ताईच्या कुशीत बाहुली. आणि आई हसते आहे. बरोबर ना?

यात चमत्कार काही नाही. असली चित्रं काढण्यातच माझी पस्तीस वर्षं गेली. तुमच्या भिंतीवरची आई कदाचित मीच काढलेली असेल. म्हणूनच आज तिच्याबद्दल थोडं मनातलं बोलायचं आहे.

अप्पा बळवंत चौकाजवळ एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमची चित्रांची एजन्सी होती. मी तिथे १९९० साली लागले. 'चित्रांची एजन्सी म्हणजे काय?' हा प्रश्न मला माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारला गेला. आमच्या मामेसासऱ्यांनी तर 'सूनबाई पाट्या रंगवते' असं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं! तर, प्रकाशकाला पुस्तकासाठी चित्रं लागतात, मिठाईवाल्याला खोक्यासाठी, फटाकेवाल्याला वेष्टनासाठी, दिवाळी अंकाला कथेसाठी. प्रत्येकाला पगारी चित्रकार ठेवणं परवडत नाही. मग ते एजन्सीकडे येतात आणि एजन्सी चित्र करून देते, शिंप्याकडे कापड टाकावं तसं. माप त्यांचं, शिलाई आपली.

आम्ही एकूण आठ माणसं. मालक, ज्यांना सगळे 'सर' म्हणायचे. एक मुख्य चित्रकार, चार आमच्यासारखे हाताखालचे, एक अक्षरं काढणारे आणि एक सामान पोचवणारा मुलगा. बाईमाणूस मी एकटी. पोस्टर कलरच्या बाटल्या, चायनीज इंक, टाक, बोर्नव्हिटाच्या रिकाम्या बाटलीत ब्रशचं पाणी. चहाचा कप आणि ती बाटली शेजारी शेजारी ठेवायची नाही, हा पहिल्या दिवशी शिकलेला धडा. आधी बटर पेपरवर कच्चं चित्र काढायचं, ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, ते सांगेल त्या सुधारणा करायच्या आणि मग पक्कं. पक्कं चित्र छापायच्या मापापेक्षा दीडपट मोठं काढायचं, म्हणजे छापताना लहान होतं आणि हात थरथरल्याच्या खुणा दिसेनाशा होतात. ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती. संसारातही थोडं लांबून बघितलं की पुष्कळ रेघा सरळ दिसतात!

आता त्या तक्त्याची गोष्ट. १९९३ साल. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. शाळांना लागणारे तक्ते छापणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम आलं आणि 'माझे कुटुंब' माझ्या वाट्याला आलं. मी उत्साहानं कच्चं चित्र केलं. मुख्य चित्रकारांनी ते बघितलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, ही आई ओळखू येत नाही." मी आई दाराशी चपला घालताना दाखवली होती, खांद्याला पर्स. ते म्हणाले, "आई म्हणजे अंबाडा, ठसठशीत कुंकू, हातात लाटणं. चार वर्षांच्या पोरानं एका क्षणात बोट ठेवलं पाहिजे. तक्ता आहे हा, कादंबरी नाही."

त्यांचं बोलणं कलेच्या दृष्टीनं अगदी चुकीचं होतं असं नाही. चित्र चटकन ओळखू आलं पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी मुकाट्यानं पर्स खोडली आणि लाटणं काढलं.

पण लाटणं धरलेला हात काही जमेना. तेव्हा इंटरनेट कुठलं! समोर कुणीतरी उभं राहिल्याशिवाय चित्र व्हायचं नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर मी भीत भीत सासूबाईंना म्हटलं, "आई, जरा पोळपाटापाशी बसता का? मला तुमचा हात काढायचा आहे." त्या आधी लाजल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "पदर असा चालेल का ग? का डोक्यावरून घेऊ?" अर्धा तास त्या रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवत बसल्या. मी चित्र काढत गेले आणि तोवर कधी न बघितलेलं बघितलं. लाटताना अंगठा लाटण्यावर नसतोच. तळहाताच्या उशीवर लाटणं फिरतं आणि बोटं नुसती सोबत करतात. पुढच्या चित्रात त्यांचे ते हात जसेच्या तसे उतरले.

तक्ता छापून आला तेव्हा मी घरी एक प्रत आणली. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "हात माझेच आहेत हो. सगळं बरोबर जमलंय. पण ही बाई दमलेली का दिसत नाही ग?"

मी हसले. तेव्हा मला ते थट्टेसारखं वाटलं होतं.

पुढे १९९५ साली माझी मुलगी झाली. बाळंतपणाची पगारी रजा कायद्यानं तेव्हा १२ आठवड्यांची होती, पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेला तो कायदा लागू नव्हता आणि आम्ही तर आठच. (२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली आहे. तुमच्या मुलीसुनांना हे माहीत असू द्या.) मी नोकरी सोडली आणि दोन वर्षांनी सासूबाईंच्या जिवावर परत गेले, तर टेबलावर ब्रश नव्हते. कॉम्प्युटर होते.

तुम्ही म्हणाल, चित्रांत कसल्या आल्या आहेत फॅशनी? अहो, ब्लाउजच्या बाह्यांसारख्या येतात आणि जातात! माझ्या लहानपणी घराघरांत मुळगावकरांच्या देवीची कॅलेंडरं असत आणि दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहून लोक दिवाळी अंक उचलत. दलाल १९७१ साली गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ साली. आम्ही शिकलो ते त्यांच्याकडे बघत. डोळे टपोरे, पदराची चुणी न चुणी मोजून घ्यावी अशी. मग खर्च वाचवायला दोन रंगांत छापायची पुस्तकं आली. त्यात साडी हिरवी, केस काळे आणि चेहऱ्याला रंगच नाही, म्हणजे कागदाचा पांढरा. अशा रीतीनं आपल्या सगळ्या आया आयत्याच गोऱ्या झाल्या. पुढे चार रंग परवडू लागले तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "आईला जरा उजळ करा."

कॉम्प्युटर आला तेव्हा माउसनं चित्र काढणं म्हणजे ओल्या साबणाच्या वडीनं रांगोळी घालण्यासारखं वाटे. तेही जमलं. मग सगळ्या चित्रांना चमक द्यायची टूम निघाली. आईचे गाल, पातेलं, टोमॅटो, सगळं तेल लावल्यासारखं चकाकत असे. २०१३ साली ॲपल कंपनीनं आपल्या फोनवरची चित्रं एकदम सपाट, बिनसावलीची केली आणि पुढच्या वर्षी गूगलनं आपले त्याच वळणाचे नियम काढले. झालं! आमच्याकडचे चकाकणारे गाल रातोरात जुने ठरले. २०१७ च्या सुमाराला फेसबुकनं एका परदेशी स्टुडिओकडून माणसांची नवी चित्रं करून घेतली. डोकं लिंबाएवढं, हातपाय लांबलचक, वाटेल त्या रंगाची कातडी. बँकांच्या, विम्याच्या, औषधांच्या जाहिरातींत तुम्ही ती माणसं नक्की बघितली आहेत. ती काढायला सोपी, हलवायला सोपी आणि कुठल्याही देशात खपणारी, म्हणून पसरली. आमच्याकडेही मागणी आली, "काकू, तसली आई द्या." मी जांभळ्या कातडीची, लांब हातांची आई काढली.

त्या लांब हातात काय होतं, सांगा बघू? लाटणंच की!

मधल्या काळात वारली चित्रांची लाट आली. पडदे, उशा, कप, काही म्हणून सुटलं नाही. ही चित्रं मूळची लग्नघराच्या भिंतीवरच्या चौकाची. ती सवाष्णी काढत आणि खाली कुणाची सही नसे. जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत शेतात राबणारी, ओझी वाहणारी, तारप्याभोवती नाचणारी माणसं बघा. बाई कुठली आणि बुवा कुठला, हे अंबाड्यावरूनच काय ते कळतं. मला ते फार आवडायचं. पण आमच्या गिऱ्हाइकाला वारली पद्धतीचं 'माझे कुटुंब' हवं झालं तेव्हा मी त्यात काय काढलं असेल, ते मी सांगायला नको.

एवढ्या फॅशनी बदलल्या, पण आईच्या हातातली वस्तू बदलली नाही. आणि मी? मी एकदाही तोंड उघडलं नाही. पर्स खोडली ती खोडलीच.

२०१९ साली बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक आलं. त्यात आई आणि बाबा शेजारी बसून भाजी निवडताहेत असं एक चित्र होतं. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. मी चौकातल्या दुकानात उभ्या उभ्या ते पान बघितलं. आधी आनंद झाला आणि लगेच मागोमाग लाज वाटली. कुणीतरी कुठल्यातरी बैठकीत 'बाबांनाही भाजी निवडायला बसवू या' एवढंच म्हटलं असणार. त्यासाठी नवा रंग लागला नव्हता की नवं यंत्र. ते वाक्य मी छत्तीस वेळा म्हणू शकले असते.

आता गेल्या काही वर्षांतली खरी उलथापालथ सांगते. २०२२ साली शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रं सगळ्यांच्या हाती आली. एजन्सी आता सरांचा मुलगा बघतो. मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. तो मला काकू म्हणतो आणि मान देतो, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू काम बदललं. चित्र यंत्र काढायचं आणि माझ्याकडे 'दुरुस्तीला' यायचं. पैसेही दुरुस्तीचेच, पूर्ण चित्राच्या चौथा हिस्सा. रफू करणाऱ्याला नव्या कापडाची शिलाई कोण देतं!

एक दिवस बालवाडीच्या पुस्तकाचं काम आलं. तेच पान, 'माझे कुटुंब'. यंत्रानं मिनिटाभरात चार चित्रं दिली होती. मुलगा म्हणाला, "काकू, बोटं तेवढी नीट करा. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी चित्र मोठं करून बघितलं आणि हसूच आलं. आईच्या उजव्या हाताला सहा बोटं. बांगडी मनगटात विरघळलेली. मंगळसूत्राचा सर हनुवटीतून आरपार. पदर डाव्या खांद्यावरून निघून मधेच कुठेतरी हरवलेला. लाटण्याला तीन टोकं. पोळी तव्यावर नाही आणि पोळपाटावरही नाही, अधांतरी. जिनं जन्मात एकदाही पोळी लाटलेली नाही अशा कुणीतरी ऐकीव माहितीवर काढावी, तशी ती बाई.

मी बोटं मोजून पाच केली. बांगड्या मनगटावर चढवल्या. पदर नीट खोचला. लाटण्यावरचा अंगठा काढून तळहात टेकवला, अगदी सासूबाईंसारखा. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. सगळं जागच्या जागी बसलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून चित्राकडे पाहिलं, आणि मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डा पडला.

ते माझंच चित्र होतं. १९९३ सालचं. तीच आई, तेच वर्तमानपत्र, तीच बाहुली.

तसं ते नक्कल केलेलं नव्हतं. ही यंत्रं इंटरनेटवरची कोट्यवधी जुनी चित्रं बघून शिकतात. त्यांना 'भारतीय आई' म्हटलं की आजवर सगळ्यांनी मिळून जी आई काढली तिचीच सरासरी ती पुढे ठेवतात. त्या ढिगात माझ्यासारख्यांनी मान खाली घालून काढलेले तक्तेही असणार. तोंड न उघडता मी जे जे काढलं, ते यंत्र आता मलाच परत वाढत होतं, शिळं आणि गरम करून. आणि सासूबाईंचं वाक्य आठवलं. त्या २०११ सालीच गेल्या. ही बाई दमलेली का दिसत नाही ग?

आता एक गोष्ट सांगते, जी मी पस्तीस वर्षांत एजन्सीत कुणाला सांगितली नव्हती. माझं माहेर सांगलीचं. माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत. आईची रात्रपाळी असली की सकाळच्या भाकऱ्या बाबा करत. हो, बाबा! खांद्यावर पंचा टाकून ते परातीशी बसत. पीठ मळताना जोर काढत, पण थापायला लागले की हात असा हलका होई, की जणू झोपलेल्या बाळाला थोपटताहेत. हातावर घेतलेली भाकरी तव्यावर टाकत, पाण्याचा हात फिरवत, उलटत आणि मग तवा उतरवून स्टोव्हच्या जाळावर धरत. भाकरी फुगली की आमच्याकडे बघून भुवया उडवत. हळदीच्या गोदामातून आल्यामुळे त्यांची नखं कायम पिवळी असत. ती पिवळी नखं आणि भाकरीवर उमटलेली बोटं मला आजही डोळे मिटून काढता येतील.

आणि मी ती कधीच काढली नव्हती. खरं सांगू? मला लाज वाटायची. शाळेत मैत्रिणी हसतील म्हणून मी 'आमची आईच करते' असं सांगत असे. मुख्य चित्रकारांनी माझी पर्स खोडायला लावली हे खरं. पण बाबांची परात तर मी स्वतःच, कुणी न सांगता, आधीच खोडून ठेवली होती.

त्या रात्री मी हातानं चित्र काढलं. कागदावर, पेन्सिलनं. बाबा परातीशी, खांद्यावर पंचा. आई दाराशी, कामावरून परत आलेली, एक चप्पल पायात आणि एक काढलेली, चेहरा दमलेला पण पोरांकडे बघणारा. आजीला मी पेपर दिला. दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं मुलासमोर ठेवली. म्हटलं, "अरे, बोटं नीट झाली आहेत. हे दुसरं फुकट घे. गिऱ्हाइकाला दोन्ही दाखव. मात्र निवड त्यांना करू दे."

तो म्हणाला, "काकू, असलं नको हो, सुधारणा वाढतील."

मी म्हटलं, "वाढू देत. मी करीन."

माझा आवाज थोडा कापला होता. चौथ्या हिश्शाचं का होईना, ते काम गेलं असतं तर मला जड गेलं असतं. ह्यांच्या पेन्शनीत घर चालतं, पण स्वतःच्या पैशाची सवय झालेल्या बाईला ती सुटणं सोपं नसतं, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींना सांगायला नको.

आठवड्यानं गिऱ्हाइकाचा फोन आला. संपादक एक तरुण मुलगी होती. म्हणाली, "काकू, तुमचं चित्र आवडलं. पण भाकरीऐवजी बाबांच्या हातात सँडविच देता येईल का? भाकरी जरा खेडवळ वाटते."

मी म्हटलं, "अग, सँडविच रविवारची हौस असते. भाकरी रोजची असते. मला रोजचं दाखवायचं आहे."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं, निदान बाबांना ॲप्रन तरी घाला. छान दिसेल."

आता मात्र मला राहवलं नाही. "पस्तीस वर्षं मी आईला ओट्यापाशी उभी करते आहे. तिला ॲप्रन घाला असं मला कुणी एकदाही सांगितलं नाही बाई!"

पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग ती खळखळून हसली. पंचा राहिला. भाकरी राहिली. आजीचा पेपर मात्र गेला आणि जपमाळ परत आली. असू दे. सगळं एका चित्रात होत नाही.

यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची बोटं आता बरीच सुधारली आहेत, माझं दुरुस्तीचं काम उद्या कदाचित संपेलही. पण बोटं सुधारली म्हणून लाटणं आपोआप दुसऱ्याच्या हातात जात नाही. ते कुणीतरी सांगावंच लागतं. आणि सांगणारी व्यक्ती अशी हवी, की जिनं ते घर आतून बघितलं आहे.

तुमची मुलगी चित्रं बरी काढत असेल आणि 'यंत्रं आली, आता चित्रकलेत काय राम आहे' असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला जरूर बसवा. पुढे तिला उपयोजित कलेचा अभ्यास करावासा वाटला तर करू द्या. पण त्याबरोबर तिला बाजारात, एसटीत, स्वयंपाकघरात बसून माणसांचे हात बघायची सवय लावा. आणि व्यवहारही शिकवा. आपल्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत काढलेल्या चित्राचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाहेरून काम घेतलं तर काय द्यायचं, किती वर्षांसाठी द्यायचं, हे लेखी करून घ्यावं. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. आणि हक्क विकले तरी 'हे चित्र मी काढलं' असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. मला हे कळलं तेव्हा केस पिकले होते.

पुस्तक छापून आलं तशी एक प्रत मी घरी आणली. ह्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ बघितलं. सासूबाईंसारखंच. म्हणाले, "हे तुझे बाबा ना? नखं पिवळी आहेत." पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर चहा तयार होता. साखर फार झाली होती. मी काही बोलले नाही, सगळा प्यायले.

आता तुम्हाला एकच काम सांगते. आज संध्याकाळी पोराला कोरा कागद द्या आणि 'आपलं घर काढ' म्हणा. मात्र शेजारी तो तक्ता ठेवू नका. सुचवू नका, पुसू नका. चित्र झालं की कुणाच्या हातात त्यानं काय दिलं आहे, ते तेवढं बघा.